जहाजं मोजायचा जानेवारी

जानेवारी आला की रायपुरात दोन गोष्टी हमखास होतात. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून आलेली काळी भुकटी बसते, आणि ऑफिसात कोणीतरी वायझॅगला निघतं. आमच्याकडे समुद्र म्हणजे एक तर पुरी, नाहीतर वायझॅग. अरबी समुद्राचं कौतुक आम्ही मराठी पुस्तकांत वाचलं, पण आमच्या गाड्या जातात पूर्वेकडे. यंदा निघालीय माझ्या शेजारच्या टेबलावरची नेहा. काल जेवणाच्या सुट्टीत तिनं माझ्यापुढं कागद सरकवला. "दीदी, आप तो हो के आई हो ना? बीच की लिस्ट बना दो. कौन सा देखना है, कौन सा छोड़ दें तो चलेगा."

मी लिहायला बसले. आर. के. बीच, याराडा, ऋषिकोंडा, मंगामारिपेटा, भिमिली. नावं लिहिली आणि हाताला काय झालं कोण जाणे, पहिल्या दोन नावांपुढं आकडे पण टाकले. आर. के. बीचपुढं सात. याराडापुढं पाच. नेहा म्हणाली, "ये क्या है, रेटिंग?" मी म्हटलं, "नाही गं, जहाजं आहेत." ती हसली. मीही हसले आणि आकडे खोडले. पण डबा खाता खाता माझं चित्त काही ताळ्यावर आलं नाही.

माझे बाबा मालगाडी चालवायचे. लोको पायलट हा शब्द नंतर आला, आमच्या रेल्वे कॉलनीत सगळे ड्रायव्हरच म्हणत. रायपूरहून भरलेली गाडी घ्यायची, महासमुंदवरून टिटलागढला न्यायची, तिथं दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायची, रनिंग रूममध्ये डाळ-भात खाऊन झोपायचं आणि उलट गाडी घेऊन परत यायचं. बाबांनी सोडलेली ती गाडी पुढं घाट उतरून समुद्राला भिडायची. सत्तावीस वर्षं त्यांनी समुद्राकडे गाड्या नेल्या, आणि समुद्र पाहिला नाही. आई म्हणायची, "तुमचं म्हणजे नवरदेवाले मांडवाच्या दारापर्यंत सोडून वापस येणं झालं. जेवले नाही, काही नाही."

फिरायचे पास दरवर्षी निघायचे. रेल्वेवाल्याच्या घरात पास वाया जाणं म्हणजे दूध उतू जाण्यासारखं. पण ते सगळे भंडाऱ्याच्या लग्नांत आणि दसऱ्याच्या नागपुरात संपायचे. माझी आजी, माझे मामा, आईच्या चार मावश्या, सगळे तिकडचे. समुद्राला नातेवाईक नव्हते म्हणून आम्ही कधी गेलो नाही.

आणि शेवटी ज्या वर्षी गेलो, त्या वर्षी बाबांची मेडिकल होती.

हे जरा सांगायला पाहिजे. ड्रायव्हरच्या घरात परीक्षेचा मोसम दोनदा येतो. एक पोरांचा, मार्चमध्ये. दुसरा बापाचा, ज्या महिन्यात त्याची मेडिकल निघेल त्या महिन्यात. पंचावन्न झाले की दरवर्षी. रक्त, बीपी, शुगर सगळं बघतात, पण जीव अडकतो तो डोळ्यांत. डोळे पास झाले तर इंजिन, नापास झाले तर इंजिनातून खाली. खाली म्हणजे घरी नाही, कुठंतरी खुर्ची-टेबल देतात. पण ज्यानं जन्मभर इंजिन चालवलं त्याला खुर्ची म्हणजे शिक्षाच, असं कॉलनीत सगळ्यांचं मत होतं. त्यामुळं मेडिकलच्या आधी महिनाभर घराघरांत डोळ्यांची लाडीगोडी सुरू व्हायची. गाजरं, पपई, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी. सकाळी दवात अनवाणी चालणं. ज्याची मेडिकल आधी झाली, तो येऊन तक्त्यावरची अक्षरं ओळीनं सांगायचा, आणि बाकीचे मोठमोठे बापये ती पाढ्यांसारखी घोकायचे. तक्ता दुसराच निघाला की सांगणारा माणूस आठ दिवस शिव्या खायचा.

मी तेव्हा पीएससीची तयारी करत होते. म्हणजे घरी बसून सगळ्यांना अक्कल शिकवत होते. माझा स्वभाव मूळचाच मास्तरणीचा. मी बाबांची तयारी हातात घेतली. स्वयंपाकघराच्या दाराला मागून तक्ता चिकटवला, आईच्या शिवणाच्या टेपनं वीस फूट मोजले, ते पार व्हरांड्यात पायपुसण्यावर आले. तिथं बाबांना उभं करायचं, एका डोळ्यावर वाटी धरायला लावायची आणि आतून ओरडायचं, "खालून दुसरी ओळ! अडखळायचं नाही!" बाबा घडाघडा वाचायचे. शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा. मला माझ्याच शिकवणीचा अभिमान वाटायचा. रंगांसाठी ठिपक्यांची पानं मी समता कॉलनीतल्या एका दुकानातून छापून आणली. ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा असतो. त्या दुकानाच्या मशीनमधली शाई संपत आली असावी, कारण एकाही पानावर आम्हा तिघांपैकी कोणालाच काही दिसेना. आई म्हणाली, "हे त साबुदाणा सांडल्यावानी दिसते. फेक."

एवढं सगळं होत असताना मला एक गोष्ट दिसली होती, आणि मी ती पाहून न पाहिल्यासारखी केली.

इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट, दोघांनी प्रत्येक सिग्नलचा रंग मोठ्यानं म्हणायचा असतो. हात वर करून. एकानं म्हटलं की दुसऱ्यानं. दोघांचं जुळलं तर ठीक. बाबांना ही सवय इतकी लागलेली की स्कूटरवरसुद्धा सुटायची नाही. फाफाडीहच्या चौकात ते हँडलवरचा हात उचलून "लाल!" म्हणायचे, आणि मागे बसलेली मी "लाल!" म्हणायची. शेजारचे लोक बघायचे. लहानपणी मला त्याचा केवढा तोरा वाटायचा, कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली, आणि मग पुन्हा गंमत वाटायला लागली. त्या हिवाळ्यात मात्र क्रम उलटा झाला. मी "लाल" म्हटल्यावर बाबा "लाल" म्हणू लागले. आधी मी, मग ते. एकदा गुढियारीत डाव्या हाताला बोरांचा ठेला उभा होता, बाबांनी त्याला हँडल घासलं आणि बोरं रस्ताभर झाली. ठेलेवाली बाई छत्तीसगढीत जे काही बोलली ते सगळं बरोबरच होतं. बाबा खाली बसून बोरं वेचत राहिले, डावीकडची तशीच ठेवून. मी वेचली ती. वय झालं, असं मनाशी म्हटलं आणि विषय मिटवला.

वायझॅगचं खूळ आईचं. विहारात कोणीतरी तिला सांगितलं होतं की तिथं समुद्रावरच्या टेकडीवर जुने स्तूप आहेत, भिक्खूंच्या राहायच्या खोल्या आहेत. "इतक्या वर्षांत एक पास माझ्या मनानं नाही काढला तुम्ही," ती म्हणाली. मेडिकल फेब्रुवारीत. पास नव्या वर्षाचा, कोरा. छेरछेऱ्याचा सण झाला की दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. सणाच्या दिवशी सकाळपासून पाऱ्यातली, आसपासच्या गल्ल्यांतली पोरं दारोदार धान मागत फिरत होती, आई त्यांच्या झोळ्यांत सुपानं धान टाकत होती, आणि घरात बॅगा अर्धवट भरलेल्या. मीही गोड बोलून हो म्हटलं, पण माझ्या मनात वेगळाच हिशेब होता. समुद्रावर लांबचं बघण्याचा सराव होईल. मास्तरणीला सुट्टी कुठली?

प्रवासातलं मला एकच आठवतं. टिटलागढ गेल्यावर बाबा खिडकीपाशी सरकले आणि म्हणाले, "इथून पुढं मी पॅसेंजर." आणि सकाळी, बाहेर ताडाची झाडं सुरू झाल्यावर, स्वतःशीच, "किती आरामात बसते माणूस." मला वाटलं ते खिडकीबद्दल बोलतायत.

आर. के. बीच शहराच्या अगदी कुशीत आहे. रस्ता ओलांडला की वाळू. सकाळी तिथं अर्धं गाव चालायला येतं. वाळूवर एक खरीखुरी पाणबुडी आणून ठेवलीय, तिच्यासमोर लोक फोटो काढत असतात. आईनं चप्पल काढून हातात घेतली, पाय वाळूत रुतवला आणि म्हणाली, "अवं माय, ही त गरम पण आहे अन् खाली थंड पण." बाबा नुसते उभे होते, हात मागे बांधून, एखाद्या मोठ्या साहेबासमोर उभं राहावं तसे. पहिलं पाणी पायाला लागलं तेव्हा ते एक पाऊल मागे सरले, आणि मग दोन पावलं पुढं गेले. सत्तावीस वर्षांनी. मला रडू आलं, ते मी खाऱ्या वाऱ्यावर ढकललं.

लांब पाण्यात जहाजं उभी होती. बंदरात जागा मिळेपर्यंत ती तशी बाहेर थांबतात. बाबांना ते लगेच पटलं. "होम सिग्नलले उभ्या आहेत गाड्या," ते म्हणाले. मी म्हटलं, "किती आहेत सांगा." "चार." मी मोजली होती सात. "नीट बघा." बाबांनी मान उजवीकडून डावीकडे हळूहळू फिरवली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "हां. सात. ऊन येऊन राहिलं डोळ्यावर." ऊन आमच्या पाठीशी नव्हतं हे खरं. पण ते आईच्या आणि माझ्याही डोळ्यांवर तेवढंच येत होतं.

दुसऱ्या दिवशी याराडा. त्याला डोंगर ओलांडून जावं लागतं. ऑटो वळणावळणानं चढतो आणि वरून एकदम खाली हिरवी नारळीची झाडं आणि त्यापुढं पिवळी वाळू दिसते. आईनं "थांबा, थांबा" म्हणून ऑटोच थांबवला. खाली फारशी माणसं नव्हती. लाटा मोठ्या, आवाज इतका की ओरडून बोलावं लागत होतं. वाळू तिथं जाडसर, पायाला टोचणारी, आणि पाणी परतताना पायाखालून ती अशी ओढून नेतं की आपणच सरकतोय असं वाटतं. आई बसूनच राहिली, "मी नाही बाप्पा उठत" म्हणत. नारळपाणी आणायला बाबा गेले, मी त्यांच्या मागून. ते मला दिसत होते, मी त्यांना दिसले नाही. ते नारळवाल्याला विचारत होते, "भैया, आज कितने जहाज खड़े हैं?" तो म्हणाला, "पाँच." परत येऊन मी विचारायच्या आतच बाबा म्हणाले, "आज पाच आहेत बरं का, मास्तरीणबाई."

मला राग आला. भीती वाटायला हवी होती, पण मला आला तो राग. कॉपी केलेल्या पोराचा येतो तसा. मी तोंड फिरवून नारळपाणी प्यायले, आणि आईनं विचारलं "तुले काय झालं?" तर म्हटलं, "पाणी आंबट आहे."

ऋषिकोंडा म्हणजे जत्रा. पाणी इतकं निळं की खोटं वाटावं, वाळू मऊ, आणि माणसांचा कालवा. बोटी, भाजलेली कणसं, घोडा, मुरी मिक्स्चर. मुरमुऱ्यात कांदा, टोमॅटो, लिंबू आणि कच्च्या तेलाची धार घालून देतात ते. आईनं तीन वेळा घेतलं आणि तिन्ही वेळा "आपल्या चिवड्याची सर नाही" म्हणाली. साडी गुडघ्यापर्यंत भिजवून ती लाटांवर ओरडत होती, "ये, ये, अजून ये!" भंडाऱ्याच्या शेतकऱ्याची ही लेक, जन्मात नदी-तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं तिनं. बाबा तिच्याकडे बघत हसत चालत येत होते. डावीकडं एका बोटीचा दोर वाळूत ताणून बांधला होता. जाडजूड, पिवळाधमक दोर. बाबा त्याला अडखळून आडवेच झाले. तोंडात वाळू. आसपासचे हसले, आई हसली, बाबा स्वतः खो खो हसले. मी त्यांना उठवायला हात दिला तेव्हा त्यांचा तळवा बर्फासारखा गार होता.

त्या दिवशी मी जहाजं विचारली नाहीत.

आईचा डोंगर चौथ्या दिवशी. थोटलाकोंडा. विटांचे गोल गोल पाये, ओळीनं छोट्या खोल्या, खडकात कोरलेली पाण्याची टाकी, आणि खाली जिकडं बघावं तिकडं समुद्र. वारा एवढा की आईच्या पदराला दोन्ही हातांनी धरावं लागलं. तिनं स्तूपापुढं गुडघे टेकले, त्रिशरण म्हटलं, आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मी विचारलं, "काय मागितलं?" तशी डाफरली. "मागत नसतात, बाई. मन शांत करायचं असते." मग खोल्या बघत फिरली, एका चौथऱ्याशी थांबून म्हणाली, "जेवायची जागा पण समुद्राकडं तोंड करून. हुशार होते बरं भंतेजी लोक." तिच्या मनासारखं झालं होतं. ती सहल तिथंच संपली असती तरी तिचं काही म्हणणं नव्हतं.

टेकडी उतरल्यावर जवळच मंगामारिपेटा लागतं. कोळ्यांचं गाव, वाळूवर उपड्या होड्या, वाळत घातलेली मासळी, आणि लाटांनी भोक पाडलेला एक मोठा खडक. फिरायला आलेलं कोणी नव्हतं. आई सुकी मासळी घ्यायला बायकांकडं गेली. तिला तेलुगू येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, पण तिघी-चौघी मिळून दहा मिनिटं हसत होत्या. मी आणि बाबा एका होडीला टेकून बसलो. समोर पाणी. मी सवयीनं म्हटलं, "किती?"

बाबा म्हणाले, "तू सांग आधी."

त्यांनी वाळूची मूठ भरली, सोडली, परत भरली.

"इंजिनात पण असंच करून राहिलो मी," ते म्हणाले. "पाच-सहा महिने झाले. असिस्टंट आधी म्हणते, मग मी म्हणतो. समोरचं साफ दिसते मले, तुझी शप्पथ. तुझी अक्षरं दिसतात, सिग्नल दिसते. पण बाजूनं कोणी पडदा ओढून राहिलं असं वाटते. फाटकावर बाजूनं कोणी आलं त मले कळतच नाही. असिस्टंट ओरडते तेव्हा कळते."

"मग सांगितलं काहून नाही कोणाले?"

"काय सांगू? सांगितलं का उतरवतात. पंचावन्न वर्षांचा माणूस, येते काय मले दुसरं?" त्यांनी हाताची वाळू झटकली. "गाडी यार्डात उभी केली का आज पण काही झालं नाही, असं म्हणतो अन् उतरतो. अन् घरी आलो का तू वाटी घेऊन उभी. तू मले पास करून राहिली, पोरी. अन् मले भेव वाटून राहिलं का मी पास होईन."

महिनाभर मी त्यांना समोरची अक्षरं वाचायला लावली होती. समोरचं तर त्यांना दिसतच होतं. ते नापास होतील ही धास्ती आम्ही सगळ्यांनी घेतली, आणि पास झाले तर काय, हा विचार कोणाच्या डोक्याला शिवला नाही. त्यांनी माझ्यापासून लपवलं म्हणून मी रागावले होते, आणि मी स्वतः ती बोरं वेचली होती! मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. आणि खरं सांगते, रडता रडता मला बरंही वाटलं. कारण सहा महिने काही झालं नव्हतं. फाटकावर कोणी मेलं नव्हतं. बाबा माझ्याशेजारी बसले होते, त्यांच्या अंगाला मासळीचा आणि घामाचा वास येत होता, आणि अजून वेळ हातात होता.

"आईले सांगायचं," मी म्हटलं.

"उद्या सांगू. आज तिचा स्तूप झाला, खुश आहे."

म्हणून दुसऱ्या दिवशी भिमिली. गोस्थनी नदी तिथं समुद्राला मिळते. जुनं बंदर, जुनी घरं, आणि लांबच लांब सपाट वाळू. समुद्र तिथं दमलेला वाटतो, लाटा येतात पण आवाज करत नाहीत. आम्ही चादर पसरून बसलो. बाबांनी सगळं सांगितलं, होडीपाशी मला सांगितलं त्याच शब्दांत. आईनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हेच नवल. मग म्हणाली, "मले वाटतच होतं. ताटात डावीकडची चटणी तुम्ही आजकाल खातच नाही. मी म्हणो, तिखट झाली असन." आणि जरा वेळानं, "मग डॉक्टरले कोण सांगन? तुम्ही, का मी येऊ?"

"मीच सांगतो."

"नक्की?"

"हाव, बाप्पा, नक्की."

"मग बसा आता निवांत," ती म्हणाली, आणि मासळीची पिशवी उशाला घेऊन चक्क झोपली. बाबा पाण्यात गेले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन्ही हात लांब पसरून ते काठाकाठानं चालत राहिले. कोणी त्यांना काही मोजायला सांगत नव्हतं. मी वाळूवर पालथी पडून त्यांच्याकडं बघत होते. आमच्या घरातली सगळ्यात सुंदर दुपार कुठली असं कोणी विचारलं तर मी भिमिलीची तीच सांगेन, आजसुद्धा.

नेहाला मात्र मी एवढंच सांगितलं, की याराडाला पाण्यात खोल जाऊ नको, ऋषिकोंडाला सकाळी जा, आणि भिमिलीला घाईत जाऊ नको. दोन तास तरी नुसतं बस. ती म्हणाली, "वहाँ है क्या देखने को?" मी म्हटलं, "काही नाही." तिनं भिमिली खोडली असणार, माझी खात्री आहे. पोरगी गुणी आहे, पण घाईची.

मेडिकलच्या दिवशी बाबांनी पांढरा शर्ट घातला. मी सोबत गेले, बाकावर बसून राहिले. आत काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. तक्ता तोच निघाला, कॉलनीत घोकला जात होता तोच. बाबांनी वरपासून खालपर्यंत एका दमात वाचला. डॉक्टर म्हणाले, "वा, इस उमर में!" आणि पेन उचललं. बाबा म्हणतात, त्या वेळी त्यांना एवढा मोह झाला. एक सही, आणि आणखी एक वर्ष इंजिन. बाहेर जाऊन पोरीला सांगायचं, पास. "मी खुर्चीचे हात धरून ठेवले," ते म्हणाले, "अन् म्हटलं, साहब, एक बात बतानी है." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग पुढची तपासणी, यंत्रात डोकं घालून बाजूचे दिवे ओळखणं, दुसरे डॉक्टर, तिसरे डॉक्टर. काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही, पण जे आहे ते थेंबांनी राखता येईल, असं सांगितलं. उशीर झाला का, असं मी विचारलं. मोठ्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "पापा खुद बोले, इसलिए नहीं हुआ."

ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात दहा वेळा म्हटलं.

शेवटचा कागद यायला महिना-दीड महिना गेला. मार्च निम्मा सरला होता, कूलर काढून धुतले जात होते. एका दुपारी बाबा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अनफिट. गाडीवरून कायमचं उतरवलं." ड्यूटीची नोंद घेतात त्या ऑफिसात खुर्ची मिळाली होती, सकाळी जायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं. आईनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला, आणि मला म्हणाली, "जा, पेढे आण."

"कायचे?"

"आण म्हटलं ना."

कॉलनीत बातमी आमच्या आधी पोहोचली होती. बायका एकेक करून येऊ लागल्या, पडलेल्या चेहऱ्यानं, "बहुत बुरा हुआ भाभी" म्हणत. आणि आई प्रत्येकीपुढं पेढ्यांचा डबा धरत होती. एक जण तर घाबरलीच, हिच्या डोक्यावर परिणाम झाला की काय म्हणून. आई म्हणाली, "सत्तावीस वर्षं ह्यांनी मले 'येतो' म्हटलं अन् मी 'या' म्हटलं, पण हे कधी येतीन, येतीन का नाही, काही माहीत नाही. आज माझा माणूस घरी आला. त्याचे पेढे आहेत."

सगळ्यात शेवटी समोरच्या साहू काकी आल्या. त्यांचे साहेबही ड्रायव्हरच, बाबांच्याच लाइनवर. काकी एरवी धबधब्यासारख्या बोलायच्या. त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. पदराच्या टोकात ठेवला, त्याला गाठ मारली आणि पायरीवर बसल्या.

"मोर घर वाले के अभी चार बछर बाँचे हे, दीदी," त्या म्हणाल्या. त्यांच्या माणसाच्या नोकरीची अजून चार वर्षं बाकी होती. आणि त्या रडायला लागल्या. साहू काका सकाळीच गाडी घेऊन निघाले होते.

आईनं डबा माझ्या हातात दिला आणि काकींच्या शेजारी पायरीवर टेकली. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. घरातून भांड्याचा आवाज आला.

"तुम्ही दोघी बसा तिथं," बाबा आतून म्हणाले. "चहा मी मांडतो."